पावसात न पळणारा गडी

गेल्या महिन्यात आमच्या पवनचक्क्यांच्या साइटवर नव्याने रुजू झालेल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, फ्रिक्वेन्सी सांभाळणं हे लोड डिस्पॅचचं काम ना? आपण वारं आलं की वीज द्यायची, पडलं की थांबायचं. आपल्याला काय करायचंय त्याचं?" लोड डिस्पॅच म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणारं नियंत्रण केंद्र. प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही असंच समजत होतो, कारण मला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. चहा संपेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं त्याला सांगितलं. राहिलेलं इथे लिहितोय.

माझे मामा कोयनेच्या पोफळी वीजघरात ऑपरेटर होते. मी सातवीत असताना त्यांनी एकदा पास काढून मला आत नेलं. डोंगराच्या पोटातलं ते वीजघर, तिथला दमट गारवा, पायाखालची जमीन सतत घुमल्यासारखी वाटणं, हे सगळं लक्षात आहे. पण सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो पॅनलवरचा एक छोटा मीटर. काचेमागे पत्र्याच्या बारीक पट्ट्यांची रांग होती, दात असलेल्या फणीसारखी. प्रत्येक पट्टीचं टोक पांढऱ्या रंगाने रंगवलेलं. मधली, ५० आकड्याखालची पट्टी इतक्या जोरात थरथरत होती की तिचं टोक दिसतच नव्हतं, नुसता पांढरा धुरकट पट्टा दिसत होता. शेजारच्या पट्ट्या जेमतेम हलत होत्या. मामा म्हणाले, "हिच्या डावीकडची थरथरायला लागली की समजायचं, कुठंतरी लोड वाढलाय. मग आपण पाणी वाढवायचं." मुंबईतला पंखा आणि पोफळीतली ती पट्टी एकाच तालावर हलते, हे मला तेव्हा खरं वाटेना.

ते खरंच आहे. ग्रिडला, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडलेलं प्रत्येक मोठं जनित्र एकाच जुवाला जुंपलेलं असतं. चढ लागला की सगळ्यांचीच चाल एकदम मंदावते, उतार लागला की सगळ्यांचीच वाढते. ती चाल म्हणजे फ्रिक्वेन्सी, विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं. आज आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असते. एखादा मोठा संच अचानक बंद पडला तर पहिल्या एक-दोन सेकंदांत कोणताही माणूस किंवा गव्हर्नर (जनित्राचा वेग आपोआप सांभाळणारं यंत्र) काही करू शकत नाही. त्या क्षणी ग्रिडला तारून नेतो तो फिरणाऱ्या लोखंडाचा जोर. कुंभार चाकाला दांड्याने गती देऊन दांडा बाजूला ठेवतो, तरी चाक फिरत राहतं आणि मडकं घडत राहतं, तसंच. यालाच आम्ही इनर्शिया म्हणतो. कोळसा, पाणी, अणुवीज, यांच्या जड संचांत तो आपसूक असतो.

मी २००१ साली वनकुसवडेच्या पठारावर नोकरीला लागलो. पाटण तालुक्यात, खाली कोयनेचा शिवसागर जलाशय आणि वर आमच्या पवनचक्क्या. मामा ज्या पाण्यावर वीज करायचे त्याच पाण्याच्या डोक्यावर मी वाऱ्याची वीज करायला लागलो, याचा मला तेव्हा फार अभिमान होता. मशीनं लहान होती, ३५० किलोवॅटची. साधं इंडक्शन जनरेटर, गिअरबॉक्स, टॉवरच्या बुडाशी कंट्रोलचं कपाट. ही मशीनं तारेला थेट जोडलेली असल्यामुळे थोडा इनर्शिया त्यांच्यातही होता. पण त्यांना एक वाईट सवय होती, आणि ती त्यांना आम्हीच लावली होती.

ऑगस्ट २००३ मधली एक रात्र सांगतो. पठारावर धुकं असं की हातातल्या बॅटरीचा उजेड दोन पावलांवर विरायचा. वारं भरपूर, सगळी मशीनं जवळजवळ पूर्ण लोडवर. मी एका टॉवरच्या आत कपाट उघडून उभा होतो. दूर कुठेतरी वीज पडली असावी. बल्ब क्षणभर लालसर झाला, पुन्हा उजळला, आणि त्याच क्षणी कपाटातले, मशीन लाइनीला जोडणारे कॉन्टॅक्टर खटाखट पडले. वर ब्रेक लागल्याचा कर्कश आवाज आला, टॉवर हलला, आणि मग नुसतं वारं. बाहेर येऊन कान दिला तर शेजारचंही मशीन गप्प, त्याच्या पलीकडचंही गप्प. अख्खी रांग पडली होती. लाइन मात्र गेली नव्हती. एवढासा व्होल्टेज डिप, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक घसरण, आला आणि गेला, पण व्होल्टेज घसरलं की मशीन सोडवणाऱ्या अंडरव्होल्टेज रिलेची वेळ इतकी कमी ठेवलेली होती की त्या एका ठोक्यात सगळ्यांनी ग्रिड सोडून दिलं.

सबस्टेशनात एक जुने ऑपरेटर होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण बोलणं लागलं. "पावसाचा पहिला थेंब पडला की बांधावर पळणारा गडी कोण लावतंय रं कामाला? आमाला जवा गरज, तवाच तुमी न्हाई." मी म्हणालो, "अण्णा, मशीन वाचवायला सेटिंग तसंच आहे." ते म्हणाले, "मशीन वाचलं. पर लाइनीचं काय?"

त्या रात्री आम्ही तिघे पहाटेपर्यंत जीपने एकेका टॉवरला जाऊन रिसेट मारत होतो. शिवाय ही मशीनं पुन्हा चालू होताना ग्रिडकडूनच व्होल्टेज टिकवणारी पण प्रत्यक्ष काम न करणारी रिअ‍ॅक्टिव्ह ओढायची, म्हणजे आधीच दबलेलं व्होल्टेज आणखी दाबायची. ती गरज भागवणाऱ्या कपॅसिटरच्या पायऱ्या एकेक करून आत येईपर्यंत अण्णांच्या मीटरचा काटा खालीच. वाऱ्याची वीज तेव्हा एकूण विजेत चिमूटभर होती, म्हणून हे चालून गेलं. तेव्हा बहुतेक ठिकाणी नियमही असाच होता, की गडबड झाली की पवनचक्कीने बाजूला व्हायचं. चिमूटभर असताना तो शहाणपणा होता. मार्च २०२५ मध्ये भारतात पवनऊर्जेची क्षमता ५० हजार मेगावॅटच्या घरात गेली. आता तोच शहाणपणा ग्रिडला खड्ड्यात घालेल.

हे मी अंदाजाने बोलत नाही. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात हे घडलं. वादळाने २७५ केव्हीच्या लाइनींचे मनोरे आडवे केले. दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज खाली गेलं. तिथली मशीनं आमच्यासारखी जुनी नव्हती; एकेक डिप ती नीट सहन करत होती. पण त्यांच्या कंट्रोलमध्ये एक आकडा दडलेला होता: दोन मिनिटांत इतकेच डिप सोसायचे, पुढचा आला की बंद व्हायचं. तो आकडा गाठल्यावर नऊ पवनऊर्जा प्रकल्पांची मिळून ४५६ मेगावॅट वीज सात सेकंदांच्या आत गेली. ती तूट भरायला शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या हेवूड लाइनीवर एकदम भार आला, आणि एक सेकंदही न टिकता तीही सुटली. अख्खं राज्य अंधारात, साडेआठ लाख ग्राहक. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की त्या आकड्याची ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला आधी कल्पनाच नव्हती.

त्या घटनेचा अहवाल मी २०१७ मध्ये वाचला. रात्री दोन वाजेपर्यंत जागून वाचला आणि झोप आली नाही. तेव्हा मी सांगली जिल्ह्यात ढालगावच्या बाजूला एका साइटवर होतो. दुसऱ्या दिवशी मशीन पुरवणाऱ्या कंपनीला मेल केला: आमच्या मशीनमध्ये असा आकडा आहे का, आणि किती आहे? तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तेही "ही माहिती गोपनीय आहे" एवढंच. मी सोडलं नाही. शेवटी सर्व्हिसला आलेल्या एका तंत्रज्ञाने लॅपटॉपवर पॅरामीटरची यादी उघडून दाखवली. चौथ्या पानावर, खालच्या उपयादीत, ते होतं. मर्यादा तीन. म्हणजे पावसाळी वादळात एकाच लाइनीवर चार वेळा वीज चमकली की आमचा अख्खा प्रकल्प पळणार, आणि हे सबस्टेशनला माहीत नाही, मला माहीत नाही, मालकाला माहीत नाही. ते सेटिंग बदलून घ्यायला आठ महिने लागले. तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेलो की पहिल्या दिवशी मी पॅरामीटरची यादी मागतो. कुणी देत नसेल तर रोज मागतो.

आपल्याकडेही नियम बदलले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये जोडणीच्या नियमांत दुरुस्ती केली. व्होल्टेज पार नेहमीच्या १५ टक्क्यांपर्यंत कोसळलं तरी ठरवून दिलेले मिलिसेकंद पवनचक्कीने तारेला चिकटून राहायचं. त्या वेळात वारं तर पाती फिरवतच असतं, मग ती शक्ती जाणार कुठे? काही क्षण ती मशीनच्या कन्व्हर्टरमध्ये (जनरेटरची वीज ग्रिडला जुळवून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र), त्याच्या चॉपरच्या रेझिस्टरात उष्णता होऊन जिरते. लांबलं तर पाती वाऱ्यापासून तिरकी होतात. आणि मशीन नुसतं चिकटून राहत नाही, त्या अवस्थेत ते रिअ‍ॅक्टिव्ह करंट ढकलून कोसळलेल्या व्होल्टेजला खांदा देतं. २००३ मध्ये आमचं मशीन जे ओढून घ्यायचं, तेच आजचं मशीन देऊ शकतं. मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांतली या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, पात्यांची लांबी नव्हे.

२०१९ च्या दुरुस्तीत पुढचं पाऊल आलं: नव्या मोठ्या प्रकल्पांनी फ्रिक्वेन्सीलाही प्रतिसाद द्यायचा. इथे एक पेच आहे. नव्या मशीनमध्ये जनरेटर आणि ग्रिड यांच्यामध्ये कन्व्हर्टर बसलेला असतो. त्यामुळे फ्रिक्वेन्सी घसरली तरी पात्यांना त्याची खबरच लागत नाही. जुन्या मशीनला जे अंगचं होतं ते नव्याला शिकवावं लागतं. शिकवलं तर ते पात्यांच्या फिरण्यातली ऊर्जा काढून काही सेकंद जास्तीची वीज देऊ शकतं. पण ते हातउसने आहेत. पाती मंदावतात, आणि त्यांना पुन्हा गतीवर आणायला लगेच थोडी वीज कमी द्यावी लागते. सगळ्या मशीननी एकाच वेळी परतफेड सुरू केली तर पहिल्या खड्ड्यामागे दुसरा खड्डा पडतो. म्हणून कोणी किती द्यायचं आणि परतफेड कशी पसरवायची, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. कॅनडात हायड्रो-क्विबेकने तर हे उसने देणं मोठ्या पवनप्रकल्पांना केव्हाच सक्तीचं केलंय.

आता मी धाराशिव जिल्ह्यात आहे. कळंबच्या ४०० केव्ही सबस्टेशनला जोडलेला प्रकल्प. जो भाग माझ्याकडे आहे तो ५० मेगावॅटचा. इथली फ्रिक्वेन्सीची चाचणी आम्ही गेल्या वर्षी घेतली, ती थोडी सविस्तर सांगतो, कारण त्या मुलाला उत्तर खरं तर तिथे आहे.

खऱ्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी आपल्या सोयीने हलत नाही, म्हणून सगळ्या मशीनना हुकूम देणाऱ्या प्लांट कंट्रोलरला खोटी फ्रिक्वेन्सी दाखवायची. हातातल्या टेस्ट किटवर ५०.२० टाकलं. ड्रूप, म्हणजे फ्रिक्वेन्सी किती टक्के बदलली की पूर्ण क्षमतेइतका प्रतिसाद द्यायचा, ४ टक्के. डेडबँड, म्हणजे ज्याकडे दुर्लक्ष करायचं तेवढा फरक, ०.०३. हिशेब सोपा आहे: जादा ०.२० मधून ०.०३ वजा, उरले ०.१७, त्याचे ५० च्या मानाने ०.३४ टक्के, भागिले ४ टक्के, म्हणजे क्षमतेच्या साडेआठ टक्के वीज कमी व्हायला हवी. ५० मेगावॅटचे साडेआठ टक्के म्हणजे सव्वाचार. त्या वेळी आम्ही ४० वर होतो, म्हणजे पावणेछत्तीसवर यायला हवं. मी दारात उभा राहून पाती बघत होतो. लांबून त्यांच्या फिरण्यात फरक दिसत नाही, पण आवाज बदलतो. पात्यांचा सपसप आवाज किंचित मऊ होतो. आत आकडा उतरायला लागला: ३९, ३८, ३६.

आणि तिथे थांबला नाही. ३४. मग वर ३७. मग पुन्हा ३५. प्रकल्प झोके घ्यायला लागला. ऑपरेटर मुलगी म्हणाली, "सर, हंटिंग होतंय." चाचणी थांबवली. दीड दिवस शोधल्यावर कारण सापडलं. पूर्वेकडच्या रांगेतल्या मशीनना कंट्रोलरचा हुकूम उशिरा पोहोचत होता. फायबरच्या वाटेवरच्या एका स्विचमध्ये तो रेंगाळत होता. पश्चिमेची मशीनं वीज कमी करून मोकळी. कंट्रोलरला वाटायचं अजून कमी झाली नाही, तो पुन्हा हुकूम सोडायचा. तेवढ्यात पूर्वेची मशीनं पहिल्या हुकमाला जागायची. कुणाचीच नियत वाईट नव्हती, पण सगळे मिळून ग्रिडला हेलकावे देत होते. स्विच बदलला, कंट्रोलरचा गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, कमी केला, आणि पुन्हा ५०.२० टाकलं. ४० वरून पावणेछत्तीसवर आला आणि उभा राहिला. त्या सरळ रेषेकडे आम्ही सगळे बराच वेळ बघत होतो.

९ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये असंच काहीसं फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. एका लाइनीवर वीज पडली आणि समुद्रातल्या हॉर्नसी पवनप्रकल्पाचं व्होल्टेज कंट्रोल सावरण्याऐवजी स्वतःच हेलकावायला लागलं. बघता बघता ७३७ मेगावॅट गेले. त्याच वेळी एक गॅसचं केंद्रही पडलं, फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत उतरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज तोडावी लागली. हॉर्नसीचं सॉफ्टवेअर लगोलग बदलण्यात आलं. एवढं मोठं संकट, आणि दुरुस्ती काही आकड्यांची. म्हणून मी म्हणतो, चाचणी कागदावर उरकू नका. दीड दिवस गेला तर जाऊ द्या.

फ्रिक्वेन्सी घसरल्यावर वीज वाढवायची चाचणी जास्त अवघड, तांत्रिक कारणाने नव्हे. वाढवायला हातात काही राखून ठेवलेलं असावं लागतं. म्हणजे वारं ४० मेगावॅटचं असताना मुद्दाम ३६ च द्यायचे, चार मेगावॅट सोडून द्यायचे. कोळशाचं केंद्र राखून ठेवतं तेव्हा कोळसा शिल्लक राहतो. वारं शिल्लक राहत नाही, ते बालाघाटच्या डोंगरावरून पुढे निघून जातं. मालकाचे प्रतिनिधी त्या चाचणीच्या वेळी माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "साहेब, तासाला चार हजार युनिट गेले की हो." त्यांचं खोटं नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: जो ग्रिडसाठी वारं सोडून देतो त्याला त्या राखीव विजेचे पैसे मिळालेच पाहिजेत, विकलेल्या युनिटसारखेच. नाहीतर नियम पुस्तकात राहील आणि सेटिंग गुपचूप बंद होईल. पण पैसे नीट ठरेपर्यंत आम्ही थांबू, हेही मला मान्य नाही. व्होल्टेज सांभाळायला तर वारं सोडावंच लागत नाही, तिथे कसली वाट बघायची? २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज गेली ती व्होल्टेज बेसुमार चढल्यामुळे. तिथले बरेच सौर आणि पवन प्रकल्प तेव्हाच्या नियमाप्रमाणे ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्हचं प्रमाण बांधून ठेवून, चालत होते. व्होल्टेज चढतंय म्हणून रिअ‍ॅक्टिव्ह शोषून घेणं हे त्यांना सांगितलेलं कामच नव्हतं. आमचा प्रकल्प आता व्होल्टेज मोडवर चालतो. रात्री लोड उतरला, लाइन हलकी झाली, व्होल्टेज फुगायला लागलं की मशीनं ते आपसूक दाबून धरतात. सबस्टेशनचा फोन येत नाही.

मे महिन्यात अवकाळी पावसाने इकडे दोन रात्री थैमान घातलं. त्यातल्या दुसऱ्या रात्री तो नवा मुलगा रात्रपाळीला होता. सकाळी मी आलो तर तो नोंदवहीवर सही करून निघायच्या तयारीत. वहीत त्याने लिहिलं होतं, "जोराचा पाऊस व वीज. सर्व मशीन चालू. विशेष काही नाही."

मी त्याला थांबवलं आणि लाइनीवरची प्रत्येक गडबड टिपून ठेवणारा डिस्टर्बन्स रेकॉर्डर उघडला. रात्री २ वाजून १७ मिनिटांनी २२० केव्हीवर तीनपैकी एका फेजचं व्होल्टेज ४१ टक्क्यांवर गेलं होतं, ८० मिलिसेकंद. चार मिनिटांनी पुन्हा. मग आणखी दोनदा, दोन्ही एकाच मिनिटात. प्रत्येक वेळी रिअ‍ॅक्टिव्हची रेघ उंच उसळलेली आणि मेगावॅटची रेघ खचून पुन्हा जागेवर आलेली. पंचवीसपैकी एकही मशीन सुटलं नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला. बराच वेळ तो आलेख पुढे-मागे करत होता. मग म्हणाला, "सर, मी तर इथंच होतो. मला कळलंसुद्धा नाही."

त्याची बस साडेआठची होती, ती चुकली. त्याने नोंदवही पुन्हा उघडली, "विशेष काही नाही" यावर एक रेघ मारली आणि खाली चारही वेळा आणि चारही आकडे लिहून काढले.